एका वर्षाचा करार

बाजारात कोणत्याही गोष्टीचे मोल ठरते, ते देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला, दोघांनाही ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक असते म्हणून. एका पक्षाची ही मोकळीक काढून घेतली, तर मग घासाघीस कितीही दिवस चालो, तिला वाटाघाट हे नाव शोभत नाही. एकाने आकडा सांगावयाचा आणि दुसऱ्याने तो ऐकून घ्यावयाचा, एवढेच तिचे स्वरूप उरते. गिरणीतील कामगार किंवा शेतावरचा मजूर यांच्या बाबतीत ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु ज्यांची चित्रे घरोघरी भिंतीवर लागतात आणि ज्यांचा खेळ पाहण्यासाठी पन्नास पन्नास हजार माणसे तिकीट काढून बसतात, अशा नामवंत खेळाडूंनाही जवळजवळ शंभर वर्षे ही मोकळीक नव्हती, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचा इतिहास ह्या दृष्टीने मोठा उद्बोधक आहे. करार कशाला म्हणावे, ह्या प्रश्नाचाच तो इतिहास आहे. आणि त्याची कळ ‘एक वर्ष’ ह्या दोन साध्या शब्दांच्या अर्थात दडलेली होती.

बेसबॉल हा क्रिकेटचा दूरचा भाऊबंद. त्यातही चेंडू टाकणारा असतो, त्याला पिचर म्हणतात. फलंदाज असतो, क्षेत्ररक्षक असतात. क्रिकेट पुष्कळ काळ हौशी सद्‌गृहस्थांच्या हाती राहिले. बेसबॉल मात्र फार लवकर धंदा बनला. १८६९ साली सिनसिनाटी शहराच्या ‘रेड स्टॉकिंग्ज’ ह्या संघाने आपल्या सर्व खेळाडूंना उघडपणे पगार देण्यास आरंभ केला, आणि १८७६ साली ‘नॅशनल लीग’ ही संघमालकांची संस्था स्थापन झाली. खेळाडूंचे पगार हाच मालकांचा मुख्य खर्च. हंगाम संपला, की चांगला खेळाडू अधिक पगार देणाऱ्या संघाकडे निघून जाई, आणि मालक एकमेकांवर चढाओढ करीत कर्जात बुडत. ह्यावर उपाय म्हणून १८७९ च्या सप्टेंबरमध्ये बफेलो येथे जमलेल्या मालकांनी आपापसांत एक गुप्त ठराव केला. प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू ‘राखीव’ म्हणून जाहीर करावे, आणि त्या खेळाडूंना अन्य कोणत्याही संघाने बोलावू नये, असा तो ठराव होता. बोस्टनचा मालक आर्थर सोडेन हा ह्या कल्पनेचा प्रमुख पुरस्कर्ता मानला जातो.

पाच राखीव खेळाडूंचे पुढे अकरा झाले, अकरांचे चौदा, आणि अखेरीस सगळा संघच राखीव झाला. १८८० नंतरच्या दशकात ही अट खेळाडूच्या करारनाम्यातच शिरली. तिचा व्यावहारिक अर्थ असा, की एकदा एका संघाच्या कागदावर सही केली, म्हणजे खेळाडू त्या संघाचा झाला. संघाने त्याला ठेवावे, दुसऱ्या संघाला विकावे, एखाद्या दुसऱ्या खेळाडूच्या मोबदल्यात देऊन टाकावे किंवा दहा दिवसांच्या सूचनेने काढून टाकावे. खेळाडूपुढे मात्र दोनच मार्ग असत: सांगेल त्या पगारावर खेळावे, किंवा बेसबॉल सोडून आपल्या गावी परत जावे.

ह्या व्यवस्थेविरुद्ध पहिला आवाज उठविला तो जॉन माँटगोमेरी वॉर्ड याने. न्यूयॉर्क संघाचा हा नामांकित खेळाडू खेळता खेळता कोलंबिया विद्यापीठात कायदा शिकला होता. १८८५ साली त्याने खेळाडूंचा पहिला संघ स्थापन केला आणि १८८७ साली ‘लिपिनकॉट्स’ मासिकात एक लेख लिहून उघड प्रश्न विचारला, की बेसबॉलचा खेळाडू ही काय जंगम मालमत्ता आहे? त्याच वर्षी शिकागोच्या मालकाने माइक केली ह्या लोकप्रिय खेळाडूला दहा हजार डॉलरला बोस्टनला विकले होते. तेव्हा वॉर्डचा प्रश्न हा काही अलंकार नव्हता. १८९० साली वॉर्ड आणि त्याचे सहकारी यांनी स्वतःची निराळीच लीग उभी केली. जुन्या मालकांनी वॉर्डला न्यायालयात खेचले. परंतु एका पक्षाला दहा दिवसांनी सुटता येते आणि दुसरा जन्मभर बांधलेला, अशा करारात परस्परता नाही, असे म्हणून न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मनाईहुकूम नाकारला. खेळाडू न्यायालयात जिंकले, पण हिशेबात हरले. नव्या लीगला पैसा पुरविणारे भांडवलदार एका हंगामातच कचरले, जुन्या मालकांशी त्यांनी तडजोड केली, आणि खेळाडू पुन्हा जुन्या दावणीला बांधले गेले.

ह्या दावणीला कायद्याचे बळ मिळाले ते १९२२ साली. ‘फेडरल लीग’ नावाची एक प्रतिस्पर्धी संस्था १९१४ आणि १९१५ असे दोन हंगाम चालून मोडली होती. तिच्यातील बाल्टिमोरच्या संघाने जुन्या मालकांवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी एकमताचा निर्णय सांगितला. बेसबॉलचे सामने भरविणे हा राज्याराज्यांमधील व्यापार नव्हे, सबब मक्तेदारीविरोधी कायदा त्यास लागू पडत नाही, असा तो निर्णय. पुढे १९५३ साली हाच निर्णय पुन्हा उचलून धरण्यात आला. मुष्टियुद्ध आणि फुटबॉल ह्या खेळांना मात्र त्यानंतर काही वर्षांतच तो कायदा लागू झाला. एकट्या बेसबॉलला तेवढी सूट राहिली.

अशा परिस्थितीत पगाराची बोलणी कशी होत असतील? हिवाळ्यात खेळाडूच्या घरी टपालाने करारनामा येई. आकडा मान्य असला तर सही करून तो परत पाठवावयाचा. मान्य नसला तर तसाच परत पाठवावयाचा आणि वसंत ऋतूतील सरावाच्या शिबिराला न जाता घरी अडून बसावयाचे. अडून बसणे हेच खेळाडूचे एकमेव हत्यार होते, आणि तेही त्याच्याच हाताला कापणारे. कारण न खेळलेल्या दिवसांचा पगार नाही, आणि दुसऱ्या संघाचे दार बंद. १९३७ साली न्यूयॉर्क यांकीज संघाच्या ज्यो डिमॅजिओ याने ४६ होमरन मारून लीगमध्ये अग्रस्थान पटकाविले. पुढल्या वर्षासाठी त्याने चाळीस हजार डॉलर मागितले. मालक जेकब रपर्टने पंचवीस हजारांच्या वर एक डॉलरही देण्यास नकार दिला. डिमॅजिओ एप्रिलपर्यंत अडून बसला, मग निमूटपणे पंचवीस हजारांवर परतला. एवढेच नव्हे, तर खेळण्यास तयार होईपर्यंतच्या दिवसांचा पगारही कापला गेला, आणि प्रेक्षकांनी त्याचीच हुर्यो उडविली. प्रेक्षकांना खेळाडूच्या पगाराचा आकडा वर्तमानपत्रात वाचावयास मिळे. मालकाच्या नफ्याचा आकडा कोणी छापीत नसे.

बेब रूथसारख्या अद्वितीय खेळाडूला १९३० साली ऐंशी हजार डॉलर मिळाले, ही गोष्ट मालक अभिमानाने सांगत. परंतु तोही अपवाद राखीव कलमाच्या चौकटीतलाच होता. रूथचे लेख आणि जाहिराती यांचा व्यवहार पाहण्यासाठी ख्रिस्टी वॉल्श नावाचा चतुर मुखत्यार होता. संघाशी पगाराची बोलणी मात्र रूथ स्वतःच करी. मुखत्यार, म्हणजे ज्याला पुढे सर्वत्र एजंट म्हटले जाऊ लागले तो, वाटाघाटींच्या खोलीत असू नये, हा संघांचा दंडकच होता. एका बाजूला वर्षानुवर्षे करार लिहिणारा मुरब्बी व्यवस्थापक आणि दुसऱ्या बाजूला पंचविशीतला खेळाडू, ही बरोबरी मालकांना सोयीची होती.

येथे मालकांची बाजूही नीट समजून घेतली पाहिजे. खेळाडूंना मोकळे सोडले, तर सगळे उत्तम खेळाडू श्रीमंत शहरांतील संघांकडे जातील, लहान शहरांतील संघ दुबळे होतील, सामन्यांतील चुरस संपेल आणि चुरस संपली की प्रेक्षकही येणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. ते वरकरणी पटण्यासारखे होते, आणि अनेक खेळाडूंनाही ते पटत असे. परंतु अनुभव काय सांगत होता? राखीव कलम पूर्ण जोरात असताना, १९२१ ते १९६४ ह्या चव्वेचाळीस वर्षांत, सर्वांत श्रीमंत शहराच्या यांकीज संघाने आपल्या लीगचे अजिंक्यपद एकोणतीस वेळा मिळविले. खेळाडू श्रीमंत संघाकडे जातच होते. फक्त ते स्वतः जात नव्हते, त्यांना विकले जात होते, आणि किंमत त्यांच्या हाती न येता जुन्या मालकाच्या तिजोरीत जात होती.

१९६६ च्या वसंतात ह्या व्यवस्थेला एक अनपेक्षित धक्का बसला. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघात सँडी कोफॅक्स आणि डॉन ड्रायसडेल हे दोन विख्यात पिचर होते. आदल्या वर्षी दोघांनी मिळून ४९ सामने जिंकून दिले होते आणि संघ जगज्जेता ठरला होता. पगाराची बोलणी चालू असता दोघांच्या असे ध्यानात आले, की व्यवस्थापक बझी बव्हासी हा एकाला दुसऱ्याची कमी मागणी दाखवून खाली ओढीत आहे. तेव्हा दोघांनी निश्चय केला, की सही करू तर दोघेही, नाहीतर कोणीच नाही. चित्रपटव्यवसायातील नटांचे काम पाहणारा एक वकील त्यांनी आपल्या वतीने बोलण्यास नेमला आणि तीन वर्षांसाठी दोघांना मिळून दहा लाख डॉलर मागितले. मालक वॉल्टर ओमाली वकिलाशी बोलण्यास तयार नव्हता, आणि अनेक वर्षांचा करार तर त्याला मुळीच नको होता. सरावाचे शिबिर जवळजवळ संपेपर्यंत दोघे बाहेर राहिले. अखेर मार्चच्या अखेरीस कोफॅक्सला सव्वा लाख आणि ड्रायसडेलला एक लाख दहा हजार डॉलर देऊन, तेही एकाच वर्षासाठी, तडजोड झाली. मागणीपेक्षा हे पुष्कळ कमी होते; पण एकेकट्याने अडून बसून कोणालाही एवढी वाढ मिळाली नव्हती. दोघे एकत्र आले तर एवढे होते, मग सगळे एकत्र आले तर काय होईल, हा विचार मालकांना अस्वस्थ करणारा होता.

योगायोग असा, की त्याच वसंतात खेळाडूंच्या संघटनेने मार्व्हिन मिलर याची निवड केली. मिलर हा पोलाद कामगारांच्या बलाढ्य संघटनेतील अर्थतज्ज्ञ. १९५४ साली स्थापन झालेली खेळाडूंची संघटना तोवर नावापुरतीच होती. मिलरने प्रत्येक संघाच्या शिबिरात जाऊन खेळाडूंना त्यांच्याच करारनाम्याचा अर्थ समजावून देण्यास आरंभ केला. १९६८ साली पहिला सामुदायिक करार झाला आणि किमान पगार सहा हजारांवरून दहा हजार डॉलर झाला. परंतु १९७० च्या करारातील एक कलम ह्याहून महत्त्वाचे होते. करारनाम्यासंबंधी वाद उत्पन्न झाल्यास तो मालकांनीच नेमलेल्या आयुक्ताने न सोडविता त्रयस्थ लवादापुढे जावा, असे त्यात ठरले. मालकांना ते कलम किरकोळ वाटले असावे. पुढील सर्व घडामोडी त्याच दारातून आत आल्या.

त्याआधीच एका खेळाडूने समोरून धडक दिली होती. कर्ट फ्लड हा सेंट लुई कार्डिनल्स संघाचा नामांकित क्षेत्ररक्षक. बारा हंगाम तो त्या संघात खेळला, सात वेळा उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे पारितोषिक त्याने मिळविले. पगार वर्षाला नव्वद हजार डॉलर. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये एके दिवशी पहाटे दूरध्वनीवरून त्याला कळविण्यात आले, की त्याला फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन टाकण्यात आले आहे. फ्लड कृष्णवर्णीय होता. दक्षिणेतील गावांत लहान संघांकडून खेळताना वर्णद्वेषाचे चटके त्याने सोसले होते. आपण कोणाच्या मालकीची वस्तू आहोत, ही कल्पना त्याला असह्य झाली. तो मिलरला जाऊन भेटला. मिलरने त्याला स्पष्ट सांगितले, की खटला बहुधा हरशील आणि तुझा खेळही संपेल. ह्यापासून पुढच्या खेळाडूंचा फायदा होईल काय, एवढेच फ्लडने विचारले. होईल, असे उत्तर मिळाल्यावर त्याने निर्णय घेतला. नाताळच्या आदल्या दिवशी त्याने आयुक्त बोवी कून यास पत्र लिहिले, की माझ्या इच्छेविरुद्ध खरेदी-विक्री व्हावी अशी मी मालमत्ता नव्हे. इतर संघांनाही मला बोलावण्याची मुभा असावी. आयुक्ताने नकार दिला, आणि १९७० च्या जानेवारीत खटला उभा राहिला.

त्या खटल्यात जॅकी रॉबिन्सन आणि हँक ग्रीनबर्ग ह्या निवृत्त महापुरुषांनी फ्लडच्या बाजूने साक्ष दिली. परंतु त्या काळी खेळत असलेला एकही खेळाडू न्यायालयात नुसता बसावयासदेखील आला नाही. वर्षाला नव्वद हजार मिळविणाऱ्याने गुलामगिरीची भाषा बोलावी, हे अनेकांना हास्यास्पद वाटत होते. फ्लडचे उत्तर असे, की पगार चांगला असला म्हणून गुलाम हा गुलाम राहत नाही असे थोडेच आहे! १९७२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्याविरुद्ध निकाल दिला. नववे न्यायमूर्ती पॉवेल बाजूला राहिले, कारण कार्डिनल्सच्या मालकाच्या मद्यकंपनीचे भाग त्यांच्याजवळ होते. १९२२ चा निर्णय विसंगत आहे, हे न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी आपल्या निकालपत्रात मान्यच केले. परंतु इतक्या वर्षांची विसंगती दूर करणे हे काँग्रेसचे काम आहे, असे म्हणून तो निर्णय त्यांनी कायम ठेवला. फ्लडचा १९७० चा हंगाम बुडाला होता. १९७१ मध्ये वॉशिंग्टनच्या संघात तेरा सामने खेळून तो मैदानाबाहेर पडला, तो पुन्हा आला नाही.

समोरचा दरवाजा असा बंद झाला. पण लवादाचे दार उघडे होते. १९७४ साली ओकलंडच्या संघाचा मालक चार्ल्स फिन्ली याने आपला श्रेष्ठ पिचर जिम हंटर याच्या करारातील एक अट पाळली नाही. एक लाख डॉलर पगारापैकी अर्धी रक्कम विमा कंपनीत भरावयाची होती, ती त्याने भरली नाही. लवाद पीटर साइट्झ यांनी निर्णय दिला, की मालकानेच करार मोडला, सबब हंटर मोकळा आहे. हंटरचा वकील नॉर्थ कॅरोलायनातील अहोस्की नावाच्या एका खेडेवजा गावी राहत असे. त्या गावाकडे बेसबॉल संघांच्या प्रतिनिधींची रीघ लागली. वर्षअखेरीस यांकीजने पाच वर्षांसाठी तीस लाख डॉलरहून अधिक रक्कम देऊन हंटरला आपलेसे केले. लाख डॉलरच्या माणसाची खुल्या बाजारातील किंमत किती, हे प्रथमच सर्वांना उघड्या डोळ्यांनी दिसले. राखीव कलमाखाली आजवर किती पैसा खेळाडूंच्या हातून सुटून गेला होता, त्याचे माप ह्या एका व्यवहाराने दिले.

आता ‘एक वर्ष’ ह्या शब्दांकडे येता येईल. खेळाडूच्या छापील करारनाम्यात असे म्हटले होते, की ठराविक तारखेपर्यंत नव्या पगारावर एकमत न झाल्यास संघाला तोच करार त्याच अटींवर एक वर्षासाठी पुढे चालविता येईल. मालक म्हणत, ‘त्याच अटी’ म्हणजे सगळ्या अटी. त्यांत पुन्हा एक वर्ष वाढविण्याची अटही आलीच. म्हणजे एका वर्षातून दुसरे वर्ष निघे, दुसऱ्यातून तिसरे, आणि ती साखळी कधीच संपत नसे. मिलर म्हणे, एक वर्ष म्हणजे बारा महिने. मूळ भाषेत ह्याहून अधिक काही लिहिलेले नाही. परंतु हा अर्थ तपासून पाहावयाचा, तर कोणीतरी सही न करता वर्षभर खेळावयास हवे होते. बहुतेक जण मध्येच मोठी रक्कम पाहून सही करीत.

१९७५ साली डॉजर्सचा पिचर अँडी मेसरस्मिथ याने असे वर्ष काढले. त्याची मूळ मागणी पैशाची नव्हती. आपल्या संमतीवाचून आपल्याला दुसऱ्या संघाकडे देऊ नये, एवढेच कलम त्याला हवे होते. ओमालीने ते नाकारले. मेसरस्मिथने सही न करता १९ सामने जिंकून दिले. ऐन वेळी त्याने सही केलीच तर वाद संपू नये, म्हणून मिलरने डेव्ह मॅकनॅली ह्या दुसऱ्या एका पिचरचे नाव जोडून ठेवले. मॅकनॅली मॉन्ट्रियलच्या संघातून हंगामाच्या मध्येच, सही न करता, मोंटाना राज्यातील आपल्या गावी परतला होता. त्याला खेळावयाचे नव्हतेच. त्याने शिबिराला यावे म्हणून संघाने पंचवीस हजार डॉलर नुसते सहीचे देऊ केले, आणि राहिल्यास सव्वा लाख पगार. खेळण्याची इच्छा नसताना पैसे घेणे बरे नव्हे, असे म्हणून त्याने ते नाकारले. ज्या माणसाला ह्या लढ्यातून एक डॉलरही मिळावयाचा नव्हता, त्याने लढ्याची एक बाजू सांभाळून धरली.

साइट्झ यांनी दोन्ही पक्षांना तडजोड करण्याची विनंती केली. मालकांनी ती मानली नाही. १९७५ च्या २३ डिसेंबर रोजी त्यांनी निर्णय दिला, की एक वर्ष म्हणजे एक वर्षच. दोघेही खेळाडू मोकळे आहेत. मालकांनी त्यांना तात्काळ लवादपदावरून काढले आणि न्यायालयात धाव घेतली. परंतु दोन्ही न्यायालयांनी निर्णय उचलून धरला. शहाण्णव वर्षांची व्यवस्था कोणा क्रांतीने मोडली नाही. एका छापील वाक्याचा सरळ अर्थ कोणीतरी त्रयस्थपणे वाचला, एवढ्यानेच ती मोडली.

ह्यानंतर मिलरचे खरे चातुर्य दिसून आले. आता सगळेच खेळाडू दर वर्षी मोकळे होऊ शकत होते. फिन्लीने आपल्या सहमालकांना सुचविले, की करा सर्वांनाच मोकळे! मिलरला नेमकी ह्याचीच भीती वाटत होती. सहाशे खेळाडू एकाच वेळी बाजारात आले, तर भाव कोसळेल, हे तो अर्थतज्ज्ञ जाणून होता. मालकांनी फिन्लीकडे दुर्लक्ष केले. १९७६ च्या करारात ठरले, की सहा वर्षे सेवा झालेल्या खेळाडूलाच मोकळे होता यावे. मालकांना वाटले, आपण पुष्कळ वाचविले. प्रत्यक्षात दर वर्षी थोडेच चांगले खेळाडू बाजारात येऊ लागले आणि त्यांच्यावर उड्या पडू लागल्या. सरासरी पगार १९७६ साली सुमारे एक्कावन्न हजार डॉलर होता. १९८० साली तो सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार झाला आणि १९९२ साली दहा लाखांच्या वर गेला. खेळ बुडेल हे भाकीत मात्र खोटे ठरले. १९७५ साली सुमारे तीन कोटी प्रेक्षक आले होते. मध्ये दोन संघांची भर पडून १९८० साली ते चार कोटी तीस लाखांवर गेले.

वाटाघाटींची खोलीही बदलली. ज्या एजंटाला पूर्वी दाराबाहेर उभे करीत, तो आता मेजाच्या दुसऱ्या बाजूला आकडेमोडीचे बाड घेऊन बसू लागला. कधी कधी तर तो मालकाला भारी पडे. १९८० च्या डिसेंबरमध्ये यांकीजचा मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर याने डेव्ह विनफील्डशी दहा वर्षांचा करार केला. महागाईनुसार पगारवाढीचे एक कलम त्यात होते. मालकाला वाटले करार सुमारे एक कोटी साठ लाखांचा आहे. हिशेब केल्यावर तो दोन कोटी तीस लाखांच्या घरात निघाला. शंभर वर्षे करारनाम्याच्या बारीक अक्षरांनी खेळाडू बांधले गेले होते. त्याच बारीक अक्षरांनी आता मालकालाही चकविले.

इतिहासाने आणखी एक फेरा घेतला. कोफॅक्स आणि ड्रायसडेल यांची जोडी मालक विसरले नव्हते. १९७६ च्या करारात त्यांनी आग्रह धरला, की खेळाडूंनी संगनमताने बोलणी करू नयेत. मिलर म्हणाला, ठीक आहे. पण मग मालकांनीही एकमेकांशी संगनमत करू नये, असेही लिहा. मालकांनी ते मान्य केले. दहा वर्षांनी तेच वाक्य त्यांच्या पायात आले. १९८५ ते १९८७ ह्या काळात मोकळ्या झालेल्या उत्तम खेळाडूंना दुसऱ्या संघांकडून मागणीच येईना. वर्षाला दहा लाखांच्या वर मिळविणारा आंद्रे डॉसन १९८७ च्या वसंतात आपल्या एजंटासह शिकागो कब्जच्या शिबिरात गेला आणि सही केलेला कोरा करारनामा त्याने त्यांच्या हाती दिला. आकडा तुम्हीच भरा, एवढेच त्याचे म्हणणे. संघाने पाच लाख भरले. डॉसनने त्या वर्षी ४९ होमरन मारले आणि लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळविला. लवादांनी मालकांचे संगनमत सिद्ध झाल्याचे ठरविले, आणि १९९० साली अठ्ठावीस कोटी डॉलरची भरपाई देऊन मालकांना प्रकरण मिटवावे लागले.

यानंतरचा वृत्तांत थोडक्यात सांगता येतो. पगाराला एकूण मर्यादा घालण्याच्या प्रश्नावर १९९४ च्या ऑगस्टमध्ये संप सुरू झाला, तो दोनशे बत्तीस दिवस चालला. १९०४ नंतर प्रथमच जागतिक अजिंक्यपदाचे सामने रद्द झाले. २००० साली, स्वतः पूर्वी लहान संघांतून खेळलेला वकील स्कॉट बोरास याने अ‍ॅलेक्स रॉड्रिग्जसाठी टेक्सास संघाकडून दहा वर्षांचे पंचवीस कोटी वीस लाख डॉलर मिळविले. त्या मालकाने दोन वर्षांपूर्वी सगळा संघच पंचवीस कोटींना विकत घेतला होता. २०२४ च्या डिसेंबरमध्ये हुआन सोटोने न्यूयॉर्क मेट्स संघाशी पंधरा वर्षांसाठी शहात्तर कोटी पन्नास लाखांचा करार केला.

हे आकडे डोळे दिपविणारे आहेत, आणि श्रीमंत मालक व श्रीमंत खेळाडू यांच्या भांडणात सामान्य माणसाने का पडावे, असा प्रश्न त्यांतून सहज उद्भवतो. परंतु हा सारा लढा पैशाच्या बेरजेपुरता नव्हता. मेसरस्मिथने प्रथम पैसा मागितला नव्हता, मॅकनॅलीने समोर आलेला पैसा नाकारला, आणि फ्लडने असलेला पैसा सोडला. तिघांनी मिळून मागितले ते एवढेच, की ज्या कागदावर माणूस सही करतो, त्या कागदाला शेवट असावा. ज्याला शेवट नाही तो करार नव्हे, ती वेठ होय. मग ती नव्वद हजारांची असो की नऊ रुपयांची. शिवाय हा लढा पूर्णही झालेला नाही. तरुण खेळाडूला आपल्या उमेदीची पहिली सहा वर्षे बहुतांशी एकाच संघाच्या मर्जीवर काढावी लागतात, आणि तुटपुंज्या पगारावर खेळणाऱ्या लहान संघांतील खेळाडूंना खेळाडू संघटनेत प्रवेश मिळण्यास २०२२ साल उजाडावे लागले.

कर्ट फ्लड १९९७ च्या जानेवारीत वारला. पुढल्या वर्षी अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून वरिष्ठ श्रेणीच्या बेसबॉल खेळाडूंपुरती १९२२ ची सूट रद्द केली, आणि त्या कायद्याला फ्लडचे नाव दिले. न्यायालयाने जे काम काँग्रेसचे म्हणून ढकलले होते, ते व्हावयास सव्वीस वर्षे लागली. मार्व्हिन मिलरला बेसबॉलच्या सन्मान-मंदिरात स्थान मिळाले ते त्याच्या मृत्यूनंतर, २०१९ च्या निवडीने. ज्यांनी दार उघडले ते त्या दारातून आत गेले नाहीत. आत गेले ते त्यांच्या मागून आलेले. १९७० च्या त्या न्यायालयात फ्लडच्या पाठीमागची बाके रिकामी होती. त्यांवर बसावयास जे आले नाहीत, त्यांच्या मागून आलेल्या प्रत्येक पिढीच्या करारावर त्याची न केलेली सही आहे.